गिलाव्याचा हिशेब कोणाच्या हातात?

(मालवण तालुक्यात बचत गटांच्या आणि बांधकामावर काम करणाऱ्या स्त्रियांच्या एकदिवसीय शिबिरात केलेले भाषण)



आज सकाळी नावनोंदणी चालू असताना दोघी-तिघींनी मला विचारलं, "ताई, गिलावा हा बायकांच्या शिबिराचा विषय कसा काय?" प्रश्न रास्त आहे. एरवी आपण मारहाणीविषयी बोलतो, पोटगीविषयी बोलतो, सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून अर्ज भरतो. त्या सगळ्यात सिमेंट-वाळू कुठून आली? तर त्याचं उत्तर आपल्या गटांच्या कर्जाच्या वहीतच आहे.

दरवर्षी फाल्गुन उलटला की गटांत कर्जाची मागणी वाढते. कारणाच्या रकान्यात लिहिलेलं असतं 'घराचे काम'. थोडं खोदून विचारलं की कळतं, बहुतेकींचं अडलेलं काम गिलाव्याचं असतं. त्याचं कारण साधं आहे. घर बांधताना गिलावा सगळ्यात शेवटी येतो. पाया, चिरे, छप्पर यांत पैसा संपतो आणि आधीच्या प्रत्येक कामात चुकलेल्या अंदाजाचा भार गिलाव्यावर येऊन पडतो. प्रधानमंत्री आवास योजनेत २०१६ साली सपाट भागातल्या घरकुलासाठी मूळ अनुदान १,२०,००० रुपये ठरवलं गेलं, तेही टप्प्याटप्प्याने मिळणार. छपरापर्यंत पोहोचेस्तोवर हात रिकामे होतात. मग पाऊस तोंडावर आला की बाई गटाकडे येते. घर सगळ्यांचं, पण गिलाव्याचं कर्ज बाईच्या नावावर.

आणि ते कर्ज किती घ्यायचं, हे कोण ठरवतं? मी गटागटांत विचारलं. एकीने सरळ सांगितलं, "गवंडी सांगता तितकी पोती हाडूची लागतत. आमका काय कळता त्यातला?" आपल्या किनाऱ्यावर कित्येक घरांतले पुरुष मुंबईला नोकरीत, नाहीतर मासेमारीच्या बोटीवर. घर उभं राहत असताना तिथे रोज हजर असते ती बाई. चिऱ्यांची गाडी उतरवून घेणं, गवंड्यांना चहा देणं, भिंतींवर पाणी मारणं हे तीच करते. पण किती पोती, किती रेती, हा निर्णय गवंडी आणि मुंबईतला फोन यांच्यात होतो. घरकुल योजनेत घर पत्नीच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर करण्याची तरतूद आहे. ती काही आपसूक आली नाही, त्यामागे स्त्रियांच्या अनेक वर्षांच्या मागण्या आहेत. कागदावर नाव आलं. पण घराचा हिशेब आपल्या हातात नसेल तर ते नाव अर्धंच. आज मला एवढंच सांगायचं आहे की तो हिशेब अवघड नाही आणि तो आपण शिकून घेतला पाहिजे.

"आमका काय कळता" असं म्हणणाऱ्या बाईला खरं म्हणजे पुष्कळ कळतं. भिंत लिंपणं हे काम मुळात कोणाचं होतं? मातीची भिंत होती तोवर ती लिंपायची बाईने, दरवर्षी पावसाळ्यानंतर डागडुजी करायची बाईने, शेणाने जमीन सारवायची बाईने. दिवाळीआधी खळं करायला माती किती, शेण किती, पाणी किती, हा अंदाज प्रत्येकीच्या हातात होता. कोणी तिला गवंडी म्हटलं नाही, कोणी मजुरी दिली नाही. ते 'घरकाम' होतं. मग सिमेंट आलं. हातातलं लिंपण जाऊन थापी आली, कामाला दर आला, आणि तेच काम कुशल कारागिराचं, म्हणजे पुरुषाचं झालं. बाई त्या कामावर राहिली, पण डोक्यावर घमेलं घेऊन. काम फुकट होतं तोवर आपलं होतं, त्याला दाम मिळू लागल्यावर ते आपल्याला 'कळेनासं' झालं. यात आपल्या बुद्धीचा दोष कुठे आहे?

आता प्रत्यक्ष हिशेबाकडे येऊ. वही-पेन्सिल काढा.

गिलाव्याच्या हिशेबात दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. एक, भिंतीचं क्षेत्र, म्हणजे किती चौरस फूट. गवंड्याची मजुरी यावर ठरते. दुसरी, गिलाव्याची जाडी. सिमेंट-रेती किती लागेल हे क्षेत्र आणि जाडी दोन्ही मिळून ठरतं. 'ब्रास' हा शब्द इथे गोंधळ करतो. गिलाव्याच्या मजुरीत १ ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. रेतीच्या गाडीत १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. कोणी ब्रास म्हटलं की लगेच विचारायचं, कसला ब्रास?

एक खोली घेऊ. आतून १२ फूट लांब, १० फूट रुंद, भिंती १० फूट उंच. चार भिंतींची लांबी १२ अधिक १० अधिक १२ अधिक १० म्हणजे ४४ फूट. गुणिले उंची १०, म्हणजे ४४० चौरस फूट. त्यात ३ बाय ७ चा एक दरवाजा आहे, म्हणजे २१. आणि ४ बाय ३ च्या दोन खिडक्या, म्हणजे २४. एकूण ४५ वजा केले, उरले ३९५. पण दरवाजा-खिडक्यांच्या बगलांनाही गिलावा लागतो. त्यांची लांबी मोजली तर दरवाजाची १७ फूट आणि दोन खिडक्यांची २८, मिळून ४५ फूट. चौकट सोडून अर्धा फूट रुंदी उरते असं धरलं तर साधारण साडेबावीस चौरस फूट झाले. ते मिळवले की ४१७ होतात. आपण सोयीसाठी ४२० धरू.

मजुरीचा दर ठरवताना ही वजावट आधीच बोलून घ्यायची. सरकारी कामांत मोजणीची ठरलेली पद्धत आहे. सुमारे ५ चौरस फुटांपर्यंतचं छोटं भोक वजा करत नाहीत. त्याहून मोठं पण ३२ चौरस फुटांच्या आतलं दार किंवा खिडकी असेल आणि भिंतीला दोन्ही बाजूंनी गिलावा असेल, तर एकाच बाजूची वजावट करतात आणि बगला वेगळ्या मोजत नाहीत. म्हणजे एका बाजूच्या वजावटीत बगलांची मजुरी भागते. ही पद्धत गवंड्यालाही न्याय देणारी आहे. पण काहीच वजा करायचं नाही आणि वर बगलांचे पैसे निराळे, असं कोणी म्हणत असेल तर तिथे थांबवायचं.

आता माल. आतल्या भिंतीला साधारण अर्धा इंच गिलावा धरतात. अर्धा इंच म्हणजे फुटाचा चोविसावा भाग. म्हणून ४२० ला २४ ने भागा. साडेसतरा घनफूट आले. हा सपाट भिंतीचा हिशेब झाला. आपली भिंत जांभ्याची. चिऱ्याला भोकं असतात, सांधे खोल असतात, थोडा माल खाली पडतो. त्यासाठी पाचवा हिस्सा मिळवा. साडेसतराचा पाचवा हिस्सा साडेतीन, एकूण २१. पण हा झाला पाणी घालून कालवलेला माल. कोरडं सिमेंट आणि रेती पाण्यात बसतात, आकाराने कमी होतात. म्हणून कोरडा माल तिसऱ्या हिश्श्याने जास्त घ्यावा लागतो. २१ चा तिसरा हिस्सा ७, एकूण २८ घनफूट.

एकास चार प्रमाण म्हणजे एक भाग सिमेंट, चार भाग रेती, एकूण पाच भाग. २८ ला ५ ने भागलं की ५.६ घनफूट सिमेंट आणि उरलेली २२.४ घनफूट रेती. ५० किलोच्या एका पोत्यात साधारण सव्वा घनफूट सिमेंट असतं. ५.६ भागिले १.२५, म्हणजे साडेचार पोती. एवढ्या खोलीला आतून साडेचार, फार तर पाच पोती. ओली रेती फुगते, मापात जास्त दिसते, म्हणून २२ ऐवजी २५ ते २८ घनफूट, म्हणजे पाव ब्रासच्या थोडी वर रेती मागवावी.

पुन्हा एकदा म्हणूया: चौरस फुटांना २४ ने भागा, पाचवा हिस्सा मिळवा, मग तिसरा हिस्सा मिळवा, ५ ने भागा, सव्वाने भागा. झालं. १०० चौरस फुटांना सव्वा पोत्याच्या आत काम होतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता जाडी बदलून पाहू. अर्ध्याऐवजी पाऊण इंच धरा. २४ ऐवजी १६ ने भागायचं, बाकी हिशेब तोच. साडेचार पोत्यांची पावणेसात होतात. एक इंच धरला तर १२ ने भागायचं, आणि त्याच खोलीला नऊ पोती लागतात. खोली तीच, भिंती त्याच, पण अर्ध्या इंचाने सिमेंट दुप्पट झालं. म्हणून गवंड्याला पहिला प्रश्न "किती पोती?" असा नको, "किती जाडी?" असा हवा.

हा प्रश्न का महत्त्वाचा, ते आमच्या एका गटातल्या बाईच्या घरावरून सांगते. नवरा नाही, मुलगा शिकतो आहे. अशाच दोन खोल्यांना गवंड्याने अठरा पोती सांगितली. आमच्या हिशेबाने नऊ. गटातल्या बायका तावातावाने म्हणाल्या, हा फसवतोय. आम्ही ओळंबा घेऊन गेलो. भिंतीला दोरी लावली, ओळंबा सोडला, आणि जागोजाग अंतर मोजलं. भिंत कुठे पाऊण इंच बाहेर, कुठे इंचभर आत. त्या भिंतीला सरळ करायचं तर सरासरी एक इंच माल भरावाच लागणार होता. म्हणजे अठरा पोत्यांचा आकडा खोटा नव्हता. भिंत खोटी होती. नऊ पोती गिलाव्याची आणि नऊ पोती वाकडेपणा झाकण्याची. शिवाय एवढा जाड थर एका वेळी मारला तर सुटून पडतो, दोन थरांत काम करावं लागतं, त्याची मजुरी वेगळी. तो हिशेब समोर मांडल्यावर गवंड्याने जादा थराची मजुरी सोडली, कारण भिंतही त्यानेच बांधली होती. सिमेंट मात्र तिलाच घ्यावं लागलं. भिंत बांधून होत असतानाच ओळंबा लावला असता तर तेही वाचलं असतं. तेव्हा चिरे चढत असताना दर तीन-चार थरांनी ओळंबा लावून दाखव म्हणायला लाजू नका. गवंडी हाही श्रमिकच आहे, त्याच्याशी आपलं वैर नाही. पण आकडा समजून घेऊन झालेलं बोलणं आणि संशयाने झालेलं भांडण यांत फरक असतो.

बाहेरच्या बाजूचं काय? आपल्याकडे पाऊस भरपूर पडतो. त्यामुळे बाहेरून दोन थरांत, मिळून पाऊण इंचाच्या आसपास गिलावा करतात. पण सगळ्या बाजूंना तो हवाच असं नाही. चांगला जांभा हवेवर राहून कठीण होत जातो. जिथे छप्पर पुरेसं बाहेर आलेलं आहे तिथे चिरा उघडा ठेवून फक्त दर्जा भरल्या तरी चालतं. झड ज्या बाजूने येते त्या बाजूला गिलावा आणि बाकी दर्जा, असं केलं तर खर्च बराच कमी होतो. "लोक काय म्हणतील, घर अपुरं दिसतं," ही भीती असते. लोकांच्या म्हणण्यासाठी कर्ज काढायचं की नाही, हे आपण ठरवायचं.

हिशेब बरोबर असून गिलावा वाया जातो तो खारटपणामुळे. किनाऱ्यालगतची रेती आणि खाऱ्या विहिरीचं पाणी वापरलं की भिंतीला लोणा लागतो, पापुद्रे सुटतात, आत लोखंड असेल तर गंजतं. रेती फुकट मिळते म्हणून समुद्रावरची आणणं महागात पडतं. नदीची रेती म्हणाल तर कर्ली आणि गड नदीच्या मुखाशी होणाऱ्या उपशाने किनारे आणि माड जातात, हे इथल्या बायकांना मी सांगायला नको. म्हणून जरूर तितकीच मागवणं आणि मिळेल तिथे दगड दळून केलेली वाळू वापरणं, यात आपलं आणि गावाचं दोघांचं हित आहे.

माप घमेल्याने होतं तिथेही लक्ष हवं. शीग भरलेलं घमेलं रेतीचं आणि सपाट घमेलं सिमेंटचं, असं झालं की एकास चारचं एकास सहा होतं. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि पंधरा इंच उंच अशी बिनतळाची लाकडी पेटी करून घ्या. तिच्यात बरोबर सव्वा घनफूट, म्हणजे पोत्याएवढा माल मावतो. एका पोत्याला चार पेट्या रेती. गट मिळून एक पेटी केली तर ती गावभर फिरेल. कालवलेला माल अर्ध्या तासात संपवायचा. जेवणाच्या सुट्टीत घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो भिंतीला मारू द्यायचा नाही. सिमेंट फळीवर, भिंतीपासून दूर ठेवायचं. तीन महिने पडून राहिलेलं पोतं स्वस्तात मिळालं तरी घ्यायचं नाही.

आणि पाणी. जांभा पाणी पितो, म्हणून गिलाव्याआधी भिंत भिजवावी लागते आणि नंतर निदान सात दिवस ती ओली ठेवावी लागते. एप्रिल-मे महिन्यात, विहिरी तळाला गेलेल्या असताना, हे पाणी कोण आणतं? कोणत्याही अंदाजपत्रकात हे श्रम लिहिलेले मी पाहिलेले नाहीत. पोती लिहितात, रेती लिहितात, गवंडी आणि बिगारी लिहितात. सात दिवस सकाळ-संध्याकाळ हंडे वाहणारी बाई कुठल्याच रकान्यात बसत नाही. यापुढे गटाच्या वहीत आपण तो रकाना घालणार आहोत. कोणी पैसे देवोत न देवोत, निदान दिसू तर द्या.

आता इथे बसलेल्या बांधकाम कामगार मैत्रिणींविषयी. यांतल्या काही जणी कर्नाटकातून येऊन इथे वर्षानुवर्षं काम करताहेत. एका पोत्यात किती चौरस फूट भिंत झाली, हे त्यांना कागदाशिवाय सांगता येतं, कारण ते सिमेंट त्यांच्या डोक्यावरून गेलेलं असतं. माल कालवणं, त्याचा पातळपणा बरोबर ठेवणं हे कौशल्य आहे. तरी त्यांची नोंद 'बिगारी' म्हणून होते आणि थापी हातात येत नाही. समान कामाला समान वेतन हा कायदा १९७६ साली झाला, आता ते तत्त्व २०१९ च्या वेतन संहितेत आहे. पण बाईला ते काम करूच दिलं नाही तर समान वेतन कशाचं मागणार? झारखंडमध्ये शौचालयांच्या मोहिमेत गावातल्या हजारो स्त्रियांना गवंडीकाम शिकवलं गेलं, तिथे त्यांना 'रानी मिस्त्री' म्हणतात. आपल्याकडेही हे होऊ शकतं. त्याआधी एक काम करा. राज्यात २०११ साली बांधकाम कामगारांचं कल्याणकारी मंडळ स्थापन झालं. वर्षात ९० दिवस काम केल्याच्या दाखल्यावर तिथे नोंदणी होते. आपला नवरा नोंदलेला आहे म्हणजे आपणही नोंदलेल्या आहोत, असं समजू नका. नोंदणी प्रत्येकीची स्वतंत्र लागते.

हे सगळं बायकांना झेपेल का, अशी शंका कोणाला असेल तर लातूरकडे पाहा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागातल्या हजाराहून अधिक गावांत घरांची दुरुस्ती आणि बळकटीकरण करायचं होतं. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने तिथे गावोगावच्या स्त्रिया 'संवाद सहायक' म्हणून पुढे आल्या. भूकंपातही टिकेल अशी भिंत कशी असते, काम नीट चाललं आहे की नाही हे कसं ओळखायचं, हे त्या आधी शिकल्या आणि मग गावाला सांगू लागल्या. ज्या स्त्रिया ग्रामसभेत बोलत नव्हत्या त्या बांधकामावर जाऊन प्रश्न विचारू लागल्या. त्यासाठी त्या इंजिनिअर झाल्या नाहीत. त्यांना माहिती मिळाली आणि विचारण्याचा अधिकार मिळाला, एवढंच.

आपल्या किनाऱ्यावर मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं, पुढेही वादळं येतील. घराचा पंचनामा होतो तेव्हा भिंतीचं माप सांगता येणारी बाई दारात असेल तर 'अंदाजे नुकसान' या शब्दाआड काही लपवता येणार नाही.

तेव्हा आजपासून आपण तीन गोष्टी करू. गटात घरासाठी कर्ज मागणाऱ्या प्रत्येकीचा हिशेब गटाने मिळून मांडायचा. कर्ज नाकारण्यासाठी नव्हे, जरुरीपेक्षा जास्त घ्यावं लागू नये म्हणून. प्रत्येक गटाने एक टेप, एक ओळंबा आणि एक मापाची पेटी घ्यायची. आणि गवंड्याशी बोलणी होताना घरातली बाई तिथे बसलेली असेल, चहा देऊन आत गेलेली नसेल.

जेवण झाल्यावर टेप घेऊन आपण या इमारतीची मागची खोली मोजणार आहोत. तिचा गिलावा अजून व्हायचा आहे. पंचायतीच्या अंदाजपत्रकात किती पोती लिहिली आहेत ते मी आत्ता सांगत नाही. आधी तुमचा आकडा येऊ दे.